घन, घण आणि घनता

परवा रात्री पुण्याहून नातवाचा फोन आला. सातवीत आहे. दुसऱ्या दिवशी विज्ञानाची चाचणी होती आणि त्याच्या आईने हात टेकले होते. "आबा, तूप थिजणं म्हणजे फिजिकल चेंज ना? मग तेलाचा डालडा होणं पण फिजिकलच ना? दोन्हीत लिक्विडचं सॉलिडच होतं!"

मी दोन मिनिटं गप्पच बसलो. त्याला वाटलं रेंज गेली. रेंज नव्हती गेली, मी पन्नास वर्षं मागे गेलो होतो. हाच प्रश्न माझ्यासमोर एकदा येऊन गेला होता, आणि तेव्हा मी त्याचं उत्तर चुकवलं होतं. नुसतं चुकवलं नव्हतं, ज्याचं बरोबर होतं त्याचे गुण कापले होते. ती गोष्ट आज लिहून टाकतो. घरातल्या मंडळींनाही ही माहीत नाही.

आधी एक कबुली. मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. बी.ए. झालो तो मराठी आणि इतिहास घेऊन, तोही मराठी माध्यमातून. १९७४ साली नोकरीला लागलो तेव्हा मनात होतं की वर्गात कविता शिकवायच्या, शिवाजी महाराज शिकवायचे. पण तो काळ मोठ्या बदलाचा होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचवला होता, आणि महाराष्ट्रात जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली. गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं. निर्णय चांगलाच होता, मी आजही तसंच म्हणेन. पण विज्ञानाचे मास्तर आणायचे कुठून? बी.एस्सी. झालेला मुलगा बँकेत जायचा किंवा मुंबईला. मग ज्याच्या तासिका कमी त्याच्या गळ्यात आठवीचं विज्ञान. तसं ते माझ्या गळ्यात पडलं.

मी रात्री पुस्तक वाचायचो आणि सकाळी ते फळ्यावर उतरवायचो. व्याख्या मात्र तोंडपाठ. 'ज्या बदलात मूळ पदार्थ पुन्हा मिळवता येतो तो भौतिक बदल, ज्यात मिळवता येत नाही तो रासायनिक बदल.' बर्फाचं पाणी, पाण्याचा बर्फ : भौतिक. दुधाचं दही : रासायनिक. कागद जाळणे : रासायनिक. एवढी शिदोरी घेऊन मी वर्षभर निभावून नेलं.

आमच्या पोरांना 'रासायनिक' हा शब्द माहीत होता, पण तो खताच्या गोणीवरून. रासायनिक म्हणजे दुकानातून आणतात ते, युरिया, फवारणीचं औषध. म्हणून युरिया पाण्यात विरघळला की तो त्यांच्या लेखी रासायनिक बदल, आणि झाडावर पिकलेलं केळं नाही, कारण त्यात कोणी काही टाकलं नाही! खरं तर गोष्ट उलटी आहे. युरिया पाण्यात विरघळतो तेव्हा बादली गार लागते हे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असतं, पण पाणी उडवलं की युरिया जागेवर. केळ्याचं तसं नाही. कच्च्या केळ्यातल्या पिष्टाची पिकताना साखर होते. दवाखान्यातून आयोडीनची बाटली आणून कच्च्या केळ्याच्या चकतीवर थेंब टाका, निळी-काळी होते. पूर्ण पिकलेल्या केळ्याचा रंग फारसा बदलत नाही. चोपडा तालुक्यात केळीला काय तोटा! हा प्रयोग मी पुढे दरवर्षी केला, पण पहिल्या वर्षी मला तो सुचलाच नाही, कारण पुस्तकात नव्हता.

आता घनतेचं. इथे तर भाषेनेच खड्डा खणून ठेवला होता. आमच्या पिढीच्या पुस्तकांत पदार्थाच्या तीन अवस्था म्हणजे घन, द्रव आणि वायू. 'स्थायू' हा शब्द नंतर रुळला. व्हॉल्यूमला शब्द होता घनफळ, पुढे त्याचं आकारमान झालं. माप घन सेंटीमीटर. आणि डेन्सिटी म्हणजे घनता. आता सांगा, तेरा वर्षांच्या मुलाने काय समजायचं? एका मुलाने मला अगदी सरळपणे विचारलं होतं, "सर, पाणी घन नाही, मग त्याला घनता कशी?" व्याकरणाच्या दृष्टीने त्याचं म्हणणं चूक होतं का? मराठीचा पदवीधर असून मी निरुत्तर झालो. त्यात आपल्या खानदेशी जिभेवर ण चा न होतो. पाणी ते पानी, कोण ते कोन. त्यामुळे लोहाराचा घण आणि पुस्तकातला घन एकच! वर्गात लोहाराचा एक मुलगा होता, त्याची समजूत होती की घनता म्हणजे घणाचा जोर. मी हसलो होतो त्याच्यावर. आज लाज वाटते.

आणि 'जड' या शब्दाचा घोळ तर सगळ्या मराठी मुलखाचा. लोखंड कापसापेक्षा जड असतं म्हणतो आपण. मग एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस, या कोड्यात मोठी माणसंही फसतात, कारण वजन आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टींना बोलताना आपण एकच शब्द वापरतो.

याच सुमारास आपल्याच जिल्ह्यात, चोपड्याहून यावल-फैजपूरमार्गे गेलं की लागणाऱ्या खिरोद्याला, एक फार महत्त्वाचं काम चाललं होतं. आज जळगाव जिल्ह्यातल्या शिक्षकांपैकीही किती जणांना ते आठवत असेल, शंका आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. मूळचे भौतिकीचे संशोधक असलेले प्रा. वि. गो. कुलकर्णी त्याचे प्रमुख. शास्त्रज्ञांनी शाळेत शिरायचं ठरवलं आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी पहिल्या मोठ्या कामांपैकी एक काम निवडलं ते खिरोद्याच्या जनता शिक्षण मंडळाच्या सोबतीने, ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळांतलं विज्ञान सुधारण्याचं. खिरोदाच का? त्या गावाची परंपराच तशी. धनाजी नाना चौधरींचं हे गाव. शेजारच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं, पंडित नेहरू अध्यक्ष होते. धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी राज्याचे शिक्षणमंत्री झाले. मुंबईच्या शास्त्रज्ञांना खेड्यात पाय ठेवायला अशी जागा लागतेच.

खिरोद्याच्या कामातून जे पुढे आलं त्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते भाषेविषयीचं. मुलांचं अडतं ते विज्ञानापाशी जितकं, तितकंच पुस्तकातल्या वाक्यापाशी. प्रा. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी वि. गो. गंभीर यांनी विज्ञान शिक्षणातल्या भाषेच्या अडसरावर १९८१ साली निबंधच प्रसिद्ध केला. तोच पाठ सोप्या मराठीत लिहून दिला की मुलं बोलू लागतात, प्रश्न विचारू लागतात. आपण पोरांना मठ्ठ म्हणत होतो, आणि खरा मठ्ठपणा होता आपल्या 'तद्वतच' आणि 'परिणामस्वरूप' मध्ये!

सातपुड्याच्या पलीकडे, नर्मदाकाठच्या होशंगाबादला, १९७२ पासून असाच प्रयोग सुरू होता. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा शाळांत सुरुवात केली, १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. मुलांनी हाताने प्रयोग करायचे, परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा. पुढे एकलव्य संस्थेने तो सांभाळला आणि २००२ साली मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. तीस वर्षं! मधे डोंगर होता म्हणून आम्हाला कळलं नाही, असं म्हणायची सोय नाही. खिरोद्याला जायला तर एस.टी. होती, तरी मी गेलो नाही. मला बोलावणंही नव्हतं म्हणा, तो कार्यक्रम प्राथमिक शिक्षकांसाठी होता आणि मी पडलो हायस्कूलचा. त्या काळी हायस्कूलच्या मास्तरला प्राथमिकच्या गुरुजींकडून काही शिकायचं असतं हे मान्यच नव्हतं.

तर आता ती गोष्ट. चाचणी परीक्षेत मी प्रश्न घातला होता : रासायनिक बदलाचे स्वतःच्या पाहण्यातले एक उदाहरण द्या. गुण दोन. बहुतेकांनी दही लिहिलं, काहींनी गंज. एका मुलाने लिहिलं, 'शेंगदाण्याच्या तेलाचे वनस्पती तूप होणे.' मी लाल शाईने फुली मारली आणि बाजूला शेरा लिहिला, 'द्रवाचा स्थायू होणे हा भौतिक बदल.' वही परत दिली तेव्हा तो मुलगा काही बोलला नाही. त्याने वही मिटून दप्तरात ठेवली.

त्याचे मामा अमळनेरला कंपनीत कामाला होते, हे मला नंतर कळलं. खानदेशात 'कंपनी' म्हटलं की सांगावं लागत नसे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि अमळनेरला वनस्पतीचा कारखाना घातला. पुढे हीच विप्रो झाली. १९६६ मध्ये वडील वारले तेव्हा एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण सोडून परत आले. (अमळनेरात ज्यांनी वेळेवर शेअर घेतले आणि विकले नाहीत त्यांच्या कथा वेगळ्याच, तो विषय इथे नको.) भुईमुगाचा पट्टा म्हणून अमळनेर. त्यांच्या वनस्पतीचं नाव 'सनफ्लॉवर', आणि तेलातून उरलेल्या मालाचा ७८७ नावाचा कपड्याचा साबण. पण घराघरात नाव मात्र डालड्याचंच. डालडा १९३७ पासून बाजारात आलेला, दुसऱ्याच कंपनीचा.

आता तिथे तेलाचं होत काय होतं? तेल नुसतं गार करून गोठवत नव्हते. तापवलेल्या तेलात निकेलची बारीक भुकटी घालून दाबाखाली हायड्रोजन वायू सोडायचा. तेलाच्या रेणूंच्या साखळीत जिथे जिथे दुहेरी कडी असते तिथे हायड्रोजन जाऊन बसतो. वाकड्या साखळ्या सरळ होतात, एकमेकींना चिकटून बसू शकतात, आणि साध्या तापमानाला पदार्थ घट्ट राहतो. निकेल शेवटी गाळून वेगळं काढतात, ते फक्त काम सोपं करतं. ही वाट फ्रान्सच्या साबातिए यांनी दाखवली (त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं) आणि तेलासाठी ती नॉर्मान नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९०२ मध्ये पेटंट केली. म्हणजे पदार्थच नवा झाला. डालडा चुलीवर ठेवला तर वितळतो, पण वितळलेला डालडा म्हणजे शेंगदाण्याचं तेल नव्हे. गार झाला की पुन्हा डालडाच. त्याचं वितळणं भौतिक, त्याचं जन्मणं रासायनिक. मुलाचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं, आणि दह्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. त्याच्या पाहण्यातलं होतं.

हे मला कोणी सांगितलं? खिरोद्याच्या शिबिराला जाऊन आलेल्या एका प्राथमिक शिक्षकांनी. पुढच्या मे महिन्यात एका लग्नात पंगतीला शेजारी बसले होते. पानात जिलबी आली, जिलबी डालड्यातली आहे की साजूक तुपातली यावर गप्पा सुरू झाल्या, आणि मी मोठ्या ऐटीत माझ्या फुलीची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, डालड्याचं परत तेल करून दाखवाल का?" जिलबी हातातच राहिली.

मग त्यांनी मला आणखी एक सांगितलं, जे मी आयुष्यभर वापरलं. घरचं साजूक तूप थिजू लागलं की रवा कुठे जातो? तळाशी. म्हणजे घट्ट तूप पातळ तुपात बुडतं. बर्फ मात्र पाण्यावर तरंगतो. दोन्ही भौतिक बदल, दोन्हीत वस्तुमान तेवढंच, पण तूप गोठताना आकसतं आणि पाणी गोठताना फुगतं. पहिल्याची घनता वाढते, दुसऱ्याची कमी होते. एका तुपाच्या बरणीत दोन्ही धडे! मी मात्र ते दोन धडे दोन वेगळ्या महिन्यांत, एकमेकांशी ओळख नसल्यासारखे शिकवत होतो.

डालड्याविषयी एक उपकथा सांगायचा मोह होतो. गांधीजींचा वनस्पतीला विरोध होता, आणि तुपात तो मिसळून फसवणूक होते ही तक्रार तर देशभर होती. डोळ्यांना ओळखू येईना. मग सरकारने नियम केला की वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालायचंच. कारण तिळाच्या तेलात असा एक घटक आहे की तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखर घालून हलवलं की गुलाबी-लाल रंग येतो. तुपात रंग आला की भेसळ उघडी. रासायनिक बदलाला साक्षीदार म्हणून उभं केलं! वनस्पतीतले ट्रान्स फॅट हृदयाला घातक असतात हे पुढे कळलं, आणि जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात त्यांची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली. आमच्या पिढीच्या लग्नांतल्या जिलब्यांचा हिशेब आता कोण करणार!

भेसळ पकडायला घनतेचाही उपयोग जुनाच. आर्किमिडीज आणि मुकुटाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. (सांडलेल्या पाण्यावरून एवढा बारीक फरक कळणं कठीण, त्याने पाण्यात तोलणारा तराजू वापरला असणार, असं तरुण गॅलिलिओने १५८६ मध्ये लिहून ठेवलं आहे. मुलांना ही शंका आवर्जून सांगावी.) पण खानदेशाला सोन्याच्या मुकुटाचं काय! आपलं सोनं पांढरं. अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१-६५) सुरू झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि आपल्या कापसाला असा भाव आला की गाठीत सरकी, माती, पाणी काय वाटेल ते घालू लागले. मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसाच्या फसवणुकीविरुद्ध खास कायदा करावा लागला.

त्या लग्नानंतरच्या वर्षी मी वर्ग घेऊन जिनिंग-प्रेसिंगला गेलो. गाडीभर कापूस, डोंगरासारखा. रेच्यातून सरकी वेगळी होते, वजनाने साधारण दोन भाग सरकी आणि एक भाग रुई. मग रुई प्रेसमध्ये दाबतात आणि आज १७० किलोची म्हणतात ती गाठ बाहेर येते. मुलांना म्हटलं, रुईचं वजन बदललं का? नाही. जागा? एवढीशी. मग वाढलं काय? तोच लोहाराचा मुलगा म्हणाला, "दाटी!" वर्गात गर्दीने बाकावर बसतात ना, ती दाटी. त्या दिवसापासून मी घनता हा शब्द फळ्यावर लिहायचो, पण समजावताना म्हणायचो दाटी.

मग मीही धीट झालो. कापूस हलका, पाण्यावर तरंगतो, असं सगळे म्हणाले तेव्हा दोन बोळे पाण्यात टाकले, एक शेतातल्या रुईचा आणि एक मेडिकलमधून आणलेल्या कापसाचा. शेतातला तरंगत राहिला. दुकानातला पाणी पिऊन तळाशी गेला. कापसाच्या तंतूची घनता पाण्याच्या दीडपट आहे! तरंगते ती त्यातली हवा, आणि शेतातल्या कापसावर मेणाचा पातळ थर असतो म्हणून पाणी आत शिरत नाही. पोरांचे डोळे असे झाले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

मात्र फुली मारलेल्या मुलाला मी त्याचे दोन गुण परत दिले नाहीत. तो तोवर पुढच्या वर्गात गेला होता, मला वेगळे तास मिळाले होते, आणि मास्तरने चूक कबूल करायची पद्धत नव्हती. ही सगळी कारणं. खरं कारण एकच, धीर झाला नाही. त्याने दहावीनंतर शाळा सोडली. माझ्या फुलीमुळे नव्हे, घरच्या परिस्थितीमुळे. पण विज्ञानाला जायचं त्याच्या मनात होतं असं त्याच्या मित्राकडून ऐकलं तेव्हा ती लाल फुली डोळ्यांसमोर आली.

निवृत्त झाल्यावर एकदा घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी दाखवायला गावातल्या दुकानात गेलो. मालकाने उठून नमस्कार केला, खुर्ची पुसली. तोच होता. केस पांढरे. काचेची नळी बॅटरीच्या तोंडात घालून रबरी फुगा दाबला, आम्ल वर आलं, आत छोटा तरंगक डुलू लागला. "सर, ग्रॅव्हिटी पार उतरली. साडेबाराशे पाहिजे, साडेअकराशेच दाखवते." मग पोऱ्याला समजावू लागला : बॅटरी उतरते तशी आम्लातली ताकद शिशाच्या पट्ट्यांत जाते आणि पाणी तयार होतं, म्हणून पाणी पातळ होतं, नळीतला दांडा खाली बसतो. चार्जिंगला लावलं की सगळं उलटं. मी ऐकत उभा. रासायनिक बदल, तोही परत फिरणारा, आणि तो मोजायचा घनतेवरून. माझी १९७४ ची व्याख्या त्या नळीत बुडून गेली.

मी त्याला तेव्हा सांगितलं. वनस्पती तुपाचं, फुलीचं, दोन गुणांचं. म्हटलं, तुझं बरोबर होतं.

तो थोडा वेळ बघत राहिला. "सर, माले तं यादच नही," म्हणाला. मग पोऱ्याला चहा सांगितला आणि बॅटरीचे पैसे घेईना. मी ते बळेच गल्ल्यावर ठेवले.

नातवाला फोनवर इतकं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, तूप थिजणं भौतिक, तेलाचा डालडा होणं रासायनिक, आणि बाईंनी चूक दिलं तर वही घेऊन त्यांच्याकडे जा आणि विचार, डालड्याचं परत तेल होतं का. तो म्हणाला, "आबा, बाई रागावतील." काल निकाल लागला. त्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले, म्हणजे जायची वेळच आली नाही. घनतेच्या उदाहरणात मात्र भागाकार चुकवला पठ्ठ्याने.